अंटार्क्टिकावर नवी ‘मैत्री’ बांधायचीच. पण जुनी उचलण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात हवा

जांबोटीचा मास्तर

अंटार्क्टिकावरचं आपलं ‘मैत्री’ केंद्र थकलंय आणि त्याच्या जागी ‘मैत्री-२’ उभारायचं चाललंय, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. मे २०२४ मध्ये कोचीला अंटार्क्टिक करारातल्या देशांची बैठक भरली होती, तिथे भारताने हा बेत मांडला. २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने होकार दिल्याच्या बातम्या आल्या. त्यांत खर्च सुमारे २००० कोटी रुपये आणि मुदत जानेवारी २०२९ अशी होती.

हा विषय आपल्या बेळगावच्या मंडळींत काढतोय, कारण हा सगळा कारभार जिथून चालतो ते राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे. चोर्ला घाट उतरला की पलीकडेच. आणि सीमाभागात आपली बरीचशी ताकद एका प्रश्नात जाते, ती जायलाही हवी, पण आपल्या मराठी शाळांतल्या पोरांपुढे देशाच्या अशा कामांबद्दल मराठीत कुणी बोलत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता मुद्दा. पहिलं केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’. १९८३-८४ मध्ये तिसऱ्या मोहिमेने ते उभारलं, पण समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर. दरवर्षी वर बर्फ साचत गेला, केंद्र खाली खाली गेलं आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावं लागलं. त्यातून शिकून ‘मैत्री’ खडकावर बांधली. शिरमाकर ओअ‍ॅसिस नावाचा बर्फ नसलेला खडकाळ पट्टा आहे, तिथे, १९८८-८९ मध्ये. समोर प्रियदर्शिनी सरोवर, त्याचंच पाणी प्यायला. हिवाळ्यात २५ माणसं राहतात. बांधताना जेवढं आयुष्य धरलं होतं, त्याच्या कितीतरी पुढे ते गेलंय. म्हणून नवं हवं, यात मला शंका नाही.

पण नव्याच्या चित्रांत सगळे रमलेत आणि जुन्याचं पुढे काय, हे कुणी विचारत नाही. अंटार्क्टिक कराराला पर्यावरणाचा एक जोड-करार आहे, माद्रिदचा, १९९१ चा. तो १९९८ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की सोडून दिलेली कामाची जागा ज्याने वापरली त्यानेच साफ करायची. सूट दोनच. ती वास्तू ऐतिहासिक म्हणून नोंदलेली असेल, किंवा ती काढण्याने ती ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान होणार असेल. ‘मैत्री’ दोन्हींत बसत नाही. खडकावर उघडी उभी आहे, काढता येते.

आणि ते होऊ शकतं याचा पुरावा त्याच पट्ट्यात आहे. पूर्व जर्मनीचं ‘गेऑर्ग फॉर्स्टर’ केंद्र १९७६ पासून शिरमाकरमध्येच होतं. जर्मनी एक झाल्यावर १९९३ मध्ये ते बंद केलं आणि मग पूर्ण उचलून नेलं. आज तिथे एक ब्राँझची पाटी आहे. ज्या देशाने ते बांधलं तो देशच नकाशावर उरला नव्हता, तरी मागून आलेल्यांनी जबाबदारी टाळली नाही.

माझी मागणी एवढीच: जुनी ‘मैत्री’ उतरवणं, तिच्या तेलाच्या टाक्या, आजूबाजूची तेल मुरलेली माती, साठलेला भंगार, हे सगळं परत आणण्याचा खर्च ‘मैत्री-२’ च्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून धरावा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नये. नंतरसाठी कुणी पैसे देत नाही.

निपाणीकर

मास्तर, तुम्ही ‘नवं हवंच’ इथून सुरुवात केली. मला तिथेच थांबवायचंय तुम्हाला.

आपलं दुसरं केंद्र ‘भारती’ आहे ना? २०१२ चं. ४७ माणसांची सोय आहे, इमारत नवी, चांगली चाललीय. मग दुसरं कशाला? चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी होता. तशी तीन चांद्रयानं होतील एवढ्या पैशात आपण एक वसतिगृह बांधणार.

करारात मताचा अधिकार राहावा म्हणून दोन केंद्रं लागतात, असं कुणी सांगेल. तसं नाही. नेदरलँड्सला १९९० पासून मताचा अधिकार आहे आणि त्यांचं स्वतःचं केंद्र नाही. ब्रिटनच्या रॉदेरा केंद्रात त्यांनी २०१३ पासून आपली प्रयोगशाळा ठेवलीय, तिथे काम करतात. आपल्याला तर एक अख्खं केंद्र आहे.

आणि माणसंच तिथे हवीत असंही नाही राहिलं. ब्रिटनच्या हॅली केंद्राजवळ बर्फाला भेगा पडल्या, म्हणून २०१७ पासून हिवाळ्यात ते रिकामं ठेवतात. उपकरणं आपोआप चालतात, एका छोट्या टर्बाइनवर. आपणही ‘मैत्री’ उतरवावी, थोडी यंत्रं ठेवावीत, उन्हाळ्यात जाऊन बघावीत.

इकडे आमच्या निपाणी-चिकोडी भागात २०१९ च्या पुराने नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात होती. मला त्या पैशाचं मोल असं दिसतं. मास्तरांच्या मागणीतला ‘जुनं उचला’ हा अर्धा भाग मला मान्य आहे. दुसरा अर्धा नाही.

आरपीडीची प्राध्यापिका

निपाणीकर, तुमचं नेदरलँड्सचं उदाहरण बरोबर आहे आणि हॅलीचंही. पण हॅलीचीच पुढची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या विरुद्ध जाते.

ओझोनच्या थराला भोक पडलंय, हे जगाला १९८५ मध्ये कळलं ते हॅलीच्या नोंदींवरून. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी ते दाखवलं. ते त्यांना दाखवता आलं कारण तिथे १९५० च्या दशकापासून त्याच जागी, त्याच पद्धतीने ओझोन मोजत होते. त्या काळात कुणीही विचारलं असतं की ‘हे रोज मोजून काय मिळतं?’ तर उत्तर नव्हतं. उत्तर जवळजवळ तीस वर्षांनी आलं.

‘मैत्री’ची किंमत इमारतीत नाही, नोंदींत आहे. तिथे हवामान खातं निरीक्षणं घेतं, ओझोनचे फुगे सोडतं. नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथे चुंबकीय क्षेत्र मोजते. ‘भारती’ने हे भरून निघत नाही. दोन्हींत सुमारे ३००० किलोमीटर अंतर आहे. ध्रुवीय प्रकाशाचा जो पट्टा असतो त्याच्या कडेला ‘मैत्री’ येते, आणि ‘भारती’ त्याच्या आत, ध्रुवाच्या बाजूला. सूर्यावरून वादळ येतं तेव्हा दोन ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. दोन्ही एकदम मिळणं यातच खरा लाभ आहे.

जागा बदलली की नोंद कशी बिघडते हे आपल्याला शिकवायला नको. कणकुंबीचा पाऊस आणि बेळगाव शहराचा पाऊस, अंतर चाळीसेक किलोमीटरचं आणि फरक काही पटींचा. शहरातलं पर्जन्यमापक उचलून कणकुंबीत ठेवलं आणि वही तीच चालू ठेवली, तर ‘पाऊस वाढला’ असंच दिसेल. म्हणून मापक हलवायचं तर जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी काही काळ एकदम मोजायचं, हा हवामानशास्त्राचा साधा नियम आहे.

आणि यंत्रांवर सोडण्याबद्दल. चुंबकीय वेधशाळेत यंत्र दर सेकंदाला बदल टिपतं हे खरं, पण ते यंत्र हळूहळू सरकतं. त्याचा शून्य कुठे आहे हे ठरवायला माणसाने थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊन उभं राहून निरीक्षण घ्यावं लागतं, नियमितपणे. ते वगळलं तर चार-सहा महिन्यांनी आकडे असतात, भरवसा नसतो.

मास्तर, तुमच्याशीही माझा एक वाद आहे. तुम्ही जुनं उचलण्याची घाई करताय असं मला वाटतं. किमान एक हिवाळा दोन्ही ठिकाणची उपकरणं एकत्र चालली पाहिजेत.

सॅपर, कडोली

मी इंजिनीयर पलटणीत होतो. अंटार्क्टिकाला गेलो नाही. लडाखच्या वरच्या चौक्यांवर बंकर, निवारे, जनरेटर बसवायचं काम केलंय. मास्तरांबद्दल आदर आहे, पण त्यांचं पत्र वाचून वाटलं की त्यांनी काम टेबलावर मांडलंय, बर्फावर नाही.

बघा, कामाचे दिवस किती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही वादळं. सामान केप टाउनहून जहाजाने येतं, बर्फाच्या कड्याला लागतं, तिथे उतरतं. तिथून ‘मैत्री’ सुमारे १०० किलोमीटर आत. मधला सगळा प्रवास बर्फावरून, पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या आणि मागे घसरगाड्या. भेगा चुकवत. जहाज हंगामात साधारण एकदाच. एखादा खोका कड्यावर उतरवायचा राहिला तर पुढच्या वर्षापर्यंत काम थांबलं. आणि जहाजसुद्धा भाड्याचं. आपलं स्वतःचं ध्रुवीय जहाज बांधायचा सामंजस्य करार २०२५ मध्ये कोलकात्याच्या जहाज कारखान्याने नॉर्वेच्या कंपनीशी केला, म्हणजे ते यायला वेळ आहे.

अशा ठिकाणी बांधकामाची माणसं कुठे राहणार? जुन्या ‘मैत्री’त. नवं केंद्र पेटलं तर आसरा कुठे? जुन्या ‘मैत्री’त. हे उगाच बोलत नाही. ब्राझीलचं कोमांदांते फेरास केंद्र फेब्रुवारी २०१२ मध्ये आगीत गेलं, त्यांच्या नौदलाची दोन माणसं गेली. जनरेटरच्या खोलीकडून आग लागली होती. नवं केंद्र सुरू व्हायला जानेवारी २०२० उजाडलं. आठ वर्षं. निपाणीकर, ‘आज चाललंय ना’ म्हणून थांबणाऱ्यांनी ही आठ वर्षं लक्षात ठेवावीत. अंटार्क्टिकाची हवा अतिशय कोरडी, वारा जोराचा आणि पाणी गोठलेलं. आग विझवायची कशाने?

जुनी इमारत नवी चालू झाल्यावर निदान दोन हंगाम उभी राहिली पाहिजे. मग उतरवा. पण पहिल्याच अंदाजपत्रकात तो खर्च घातला की आकडा फुगतो, फाइल परत येते, पुन्हा चर्चा, पुन्हा एक हंगाम वाया. आधी छप्पर, मग झाडलोट.

जांबोटीचा मास्तर

सॅपरसाहेब, मी ‘आधी उचला’ म्हटलेलं नाही. ‘आधी पैसे बाजूला काढा’ म्हटलंय. दोन हंगाम ठेवा, तीन ठेवा, बाईंचा हिवाळाही होऊ द्या. पण फाइल परत येईल या भीतीने खरा खर्च लपवायचा हे मला पटत नाही. २००० कोटींचं काम म्हणून मंजूर होतं आणि नंतर उचलण्याचा खर्च वेगळा मागायचा, तर त्या वेळी ना मंत्री तोच असतो ना सचिव. तेव्हा उत्तर ठरलेलं: पुढच्या पंचवार्षिकात बघू.

आणि जबाबदारी नेमकी कुणाची हे आता कायद्यातही आहे. २०२२ मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. कचरा, सांडपाणी, परवाने, सगळं त्यात आलंय. आपणच केलेला कायदा आपल्याच पहिल्या मोठ्या कामाला पूर्ण लावायचा नाही, तर तो केला कशाला?

मलप्रभेकाठची

सगळे केंद्राबद्दल बोलताय, जमिनीबद्दल कुणी बोलत नाही.

अख्ख्या अंटार्क्टिका खंडाची एक टक्क्याहूनही कमी जमीन बर्फाबाहेर आहे. त्यातच तिथली शेवाळं, दगडफुलं, सरोवरं, आणि त्यातच सगळ्या देशांना केंद्रं बांधायचीत, कारण खडक पक्का असतो. शिरमाकर पट्टा असा लांबलचक पण अरुंद आहे. तिथे ‘मैत्री’ आहे, काही किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्स्काया १९६१ पासून आहे, जर्मनांचं होऊन गेलं. आता ‘मैत्री-२’ नवीन खडक शोधणार. तिथे सुरुंग, सपाटीकरण, रस्ता, टाक्या. तिथलं शेवाळ दशकानुदशकं वाढून तळहाताएवढं होतं, आणि एका गाडीच्या पट्ट्याखाली जातं.

म्हणून माझं म्हणणं: नवं केंद्र जुन्याच जागेवर व्हावं. जी जमीन बिघडलीय तीच वापरा. सरोवराच्या काठाजवळ इतकी वर्षं माणसं राहिलीत, स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी कुठे मुरलं याची आधी तपासणी करा, ती सगळ्यांसमोर ठेवा.

मी खानापूर तालुक्यातली. कळसा-भांडुरा या पाणी वळवायच्या योजनेसाठी कणकुंबीत खोदलेलं मी जवळून बघितलंय. कागदावरचा पर्यावरण अहवाल आणि जमिनीवरची माती यांत किती अंतर पडतं ते आम्हाला माहीत आहे. अंटार्क्टिकात तर बघायला गावकरीही नाहीत.

आरपीडीची प्राध्यापिका

ताई, मन तुमच्या बाजूला ओढतं. पण जुन्याच जागेवर म्हणजे आधी जुनं पाडायचं, मग बांधायचं. मधली दोन-तीन वर्षं नोंदी बंद. ही तीन वर्षं परत कधीच मोजता येत नाहीत.

सॅपर, कडोली

आणि मधली दोन-तीन वर्षं माणसं कुठे? तंबूत हिवाळा काढता येत नाही तिथे. सूर्यच दोन महिने उगवत नाही.

मलप्रभेकाठची

मग निदान जिथे माणसांचा वावर आधीच आहे त्या पट्ट्यात बांधा. ‘मैत्री’च्या आसपास उन्हाळी मोहिमेच्या निवाऱ्यांची जागा आहे, सामान साठवायच्या जागा आहेत. तिथे नवं बसवा, मग जुनं काढा. एकही नवा खडक नको. हे तुम्हा दोघांच्या अटींत बसतं की नाही, ते सांगा.

आरपीडीची प्राध्यापिका

बसतं. एक अट: चुंबकीय वेधशाळेची खोली लोखंडापासून, गाड्यांपासून, विजेच्या तारांपासून लांब हवी. नवं केंद्र तिच्या जवळ सरकलं तर तिचीही जागा बदलावी लागेल, आणि मग तिथेही समांतर मोजणी. हे आराखड्यात आधी पाहिलं पाहिजे, इमारत झाल्यावर नाही.

उद्यमबाग

माझा छोटा हायड्रॉलिकचा कारखाना आहे, म्हणून बांधणीबद्दल लिहितो.

हायड्रॉलिक पायांची केंद्रं जगात आहेत. जर्मनीचं नॉयमायर-३, २००९ चं, १६ पायांवर उभं आहे. बर्फ साचला की पाय उचलून स्वतःला वर घेतं. ब्रिटनचं हॅली-६ घसरपट्ट्यांच्या पायांवर आहे, म्हणून भेगा पडल्यावर त्यांनी ते अख्खं २३ किलोमीटर ओढून नेलं. दोन्ही बर्फावर आहेत म्हणून ती गरज. ‘मैत्री’ खडकावर आहे, तिथे असले पाय नकोत, साधे पक्के खांब पुरेत. ‘भारती’ही तशीच आहे, खांबांवर उचललेली, आत १३४ कंटेनर आणि बाहेरून वाऱ्याला धरून कातलेलं कवच. खालून वारा जातो आणि बर्फ वाहून नेतो. जनरेटरची उष्णता वाया न घालवता त्यावरच केंद्र गरम ठेवतात. दोन उन्हाळ्यांत जोडलं ते, कारण तुकडे आधीच तयार करून नेले होते.

पण ‘भारती’चा आराखडा जर्मन होता. हॅम्बर्गच्या वास्तुकारांचा. आणि त्याआधीची ‘मैत्री’? तिचा आराखडा पुण्यात दिघीला, संरक्षण संशोधनाच्या संस्थेत झाला होता. म्हणजे १९८० च्या दशकात आपण स्वतः केलं आणि २०१२ मध्ये बाहेरून आणलं. या वेळी आराखडा कुणाचाही असो, निदान पोलाद, जोड, व्हॉल्व्ह, पंप इथे बनावेत. आपल्या बेळगावच्या फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकचे कारखाने हे करू शकतात. थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं, म्हणून उणे तापमानाला आघात-चाचणी केलेलं लागतं. रबरी सील कडक होतात, तेल घट्ट होतं. या सगळ्याला उत्तरं आहेत, आणि त्यांच्या चाचण्या इथे होतात.

निपाणीकर

उद्यमबाग, यात मला धोका दिसतो. ‘स्थानिकांना काम’ हा मुद्दा आला की गरज आहे का हा प्रश्न मागे पडतो. आमच्याच हलग्याला सुवर्णसौध बांधला तेव्हाही हेच सांगितलं होतं, कामं येतील, वर्दळ येईल. २०१२ मध्येच उद्घाटन झालं. वर्षातून एक हिवाळी अधिवेशन, तेही थोड्या दिवसांचं, बाकी वर्ष इमारतीचं वीजबिल. इमारत उभी राहिली म्हणजे तिचं काम उभं राहिलं असं होत नाही.

मला ‘मैत्री-२’ बद्दल एकच आकडा हवाय आणि तो कुठल्याच बातमीत नाही. बांधायचे २००० कोटी ठीक. पुढची पंचवीस-तीस वर्षं जहाजाचं भाडं, इंधन, विमानं, माणसांचे पगार, दुरुस्ती आणि शेवटी मास्तर म्हणतात तसं उचलणं, हे सगळं मिळून किती? तो आकडा पुढे ठेवा, मग संसदेत चर्चा करा.

उद्यमबाग

सुवर्णसौधशी जोडू नका निपाणीकर. तिथे अधिवेशन नसलं तर कुणाचं काही अडत नाही. ‘मैत्री’त हिवाळ्यात जनरेटर बंद पडला तर २५ माणसांचा जीव जातो. गरज तिथे आहे. पण तुमचा पूर्ण खर्चाचा मुद्दा मी मानतो. यंत्र विकताना आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाला दहा वर्षांचा देखभालीचा खर्च लिहून देतो.

शहापूरची आई

मोठ्या चर्चेत मधेच विचारते. माझ्या मुलाने आयटीआय केलंय, डिझेल मेकॅनिक. तिथे जायला शास्त्रज्ञच लागतात का? कानडी सरकारी नोकरीत आमच्या पोरांना भाषेवरून अडतं, म्हणून विचारते.

सॅपर, कडोली

वहिनी, हिवाळी तुकडीत निम्म्याच्या आसपास माणसं शास्त्रज्ञ नसतात. गाड्यांचे मेकॅनिक, जनरेटर चालवणारे, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले, आचारी, डॉक्टर, नर्स. वास्कोचं केंद्र त्यांना करारावर घेतं, जाहिराती त्यांच्या संकेतस्थळावर येतात. राज्याची भरती नाही ती, केंद्राची आहे. हिंदी-इंग्रजीवर चालतं. निवड झाली की वैद्यकीय तपासणी, बर्फावरचं प्रशिक्षण उत्तराखंडात औलीला, भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे. हिवाळ्याला गेला तर वर्षाहून जास्त घराबाहेर, मधे परत येता येत नाही. घरात कुणी आजारी पडलं तरी नाही. हे त्याला आधी सांगा. बाकी हाताला काम येत असेल तर जरूर अर्ज करू दे.

शहापूरची आई

सांगते त्याला. घरात कुणी आजारी पडलं तरी येता येत नाही, हे मात्र मला जड जाईल.

आरपीडीची प्राध्यापिका

तारखांबद्दल कुणी बोललं नाही, ते महत्त्वाचं आहे. माद्रिदच्या करारानुसार एवढ्या मोठ्या बांधकामाआधी सर्वंकष पर्यावरण मूल्यमापन करावं लागतं. त्याचा मसुदा जाहीर करायचा, सगळ्या देशांना पाठवायचा, मतांसाठी ९० दिवस द्यायचे. ज्या वार्षिक बैठकीत त्यावर चर्चा होणार तिच्या किमान १२० दिवस आधी तो पोचला पाहिजे. मग सूचना घेऊन अंतिम अहवाल, तो काम सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी. बैठक वर्षातून एकदा. एक तारीख चुकली तर बैठक चुकते, बैठक चुकली तर उन्हाळा चुकतो.

जानेवारी २०२९ मागे मोजत या. बांधणीला निदान दोन उन्हाळे, त्याआधी खडकाची आणि जागेची पाहणी, त्याआधी हे सगळे कागद. मला ही मुदत फार ताणलेली वाटते. आणि ताणलेल्या मुदतीत पहिली काटछाट समांतर मोजणीवर येईल, दुसरी जुनं उचलण्यावर. म्हणून मी मास्तरांच्या बाजूला आले आहे: दोन्हींचा पैसा आणि वेळ सुरुवातीलाच लिहिलेला हवा. मुदत २०३० झाली तरी चालेल.

सॅपर, कडोली

मुदत सरकवा म्हणणं सोपं आहे बाई. एका हंगामाने सरकवली तर जुन्या इमारतीत २५ माणसांचा आणखी एक हिवाळा. त्या हिवाळ्याची जबाबदारी कोण घेणार? मी २०२९ च धरून बसणार. पैसा बाजूला काढायचा असेल तर काढा, मास्तरांनी ‘आधी पैसे’ एवढंच म्हटलं असेल तर माझी तक्रार नाही. पण एक हंगामही त्याच्यासाठी जाऊ देऊ नका.

मलप्रभेकाठची

मसुद्यावर मतं द्यायची ९० दिवसांची मुदत आपल्यासारख्यांनाही वापरता येते ना? मग तो जाहीर झाला की इंग्रजीतून वाचून त्यातला जागेचा, सरोवराचा आणि जुनं काढण्याचा भाग मराठीत कुणीतरी इथे टाका. खानापुरातून दोन-तीन पानांचं पत्र मी स्वतः पाठवीन.

जांबोटीचा मास्तर

जागेचा भाग तुम्ही घ्या, मोजणीचा बाईंनी घ्यावा, खर्चाचा निपाणीकर, तुम्ही. तुमचा पूर्ण खर्चाचा प्रश्न माझ्या मागणीपेक्षा मोठा आहे आणि विरोधातून आलेला असला तरी पत्रात तो पहिला असावा असं मला वाटतं. सॅपरसाहेब, उतरवण्याचा क्रम तुम्ही लिहून द्या: आधी काय काढायचं, कोणत्या हंगामात, किती घसरगाड्या लागतील. आपल्यात हे सांगू शकणारे तुम्हीच.

निपाणीकर

खर्चाचा भाग लिहून देतो. पण त्याच पत्रात माझं मतही जाईल की ‘भारती’ पुरेशी आहे का याचा अभ्यास आधी व्हावा. ते वगळणार असाल तर माझं नाव घालू नका.

जांबोटीचा मास्तर

वगळणार नाही. मला ते पटलेलं नाही, बाईंनी सांगितलेली कारणं मला पुरेशी वाटतात, पण मसुद्यात पर्यायांचा विचार करणं बंधनकारकच आहे, काहीच न करण्याच्या पर्यायासकट. तो विचार नीट केलाय का, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. वेगळा परिच्छेद करू, तुमच्या शब्दांत.

सॅपर, कडोली

क्रम लिहितो. पहिल्यांदा इंधन. टाक्या रिकाम्या केल्याशिवाय बाकी कशालाही हात लावायचा नाही.